व्हॅल्यूअरला कधी बोलवायचं, हे टोकन द्यायच्या आधी ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही महिने तुमच्या रविवारच्या पुरवणीत, आणि पुरवणीच्या आजूबाजूच्या जाहिरातींत तर जास्तच, एकच सूर दिसतोय की राहत्या घराची किंमत वाढलीये, ती नुसती पडून आहे, तिच्यावर कर्ज काढा, दुसरा फ्लॅट घ्या आणि भाडं खात बसा. मी त्याच्या विरोधात लिहीत नाहीये, कारण आम्ही स्वतः ते केलंय. पण बँकेचा व्हॅल्यूअर, म्हणजे कर्जाआधी घराची किंमत ठरवणारा माणूस, घर बघायला कधी यावा, तो आला तेव्हा घराची आणि कागदांची काय अवस्था असावी, आणि नव्या फ्लॅटचं टोकन, म्हणजे सौदा धरून ठेवायची आगाऊ रक्कम, त्याच्या आधी द्यायचं की नंतर, यावर कुठेच काही लिहून येत नाही. आमचं सगळं नेमकं तिथेच अडलं, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल.

आम्ही चिंचवडला राहतो. फ्लॅट २००९ साली २४ लाखांना घेतलेला, दोन बेडरूमचा, त्यावरचं कर्ज फेडत फेडत ६ लाखांवर आलं होतं. मिस्टर भोसरीत नोकरीला, मी खाजगी शाळेत शिक्षिका, दोघांनाही पेन्शन नाही. त्यामुळे रिटायर झाल्यावर महिन्याला काहीतरी येत राहावं एवढीच इच्छा होती. २०२४ च्या जूनमध्ये आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावरचा अगदी आमच्यासारखा फ्लॅट विकला गेला आणि ८२ लाख आले असं जिन्यात कळलं. त्या एका आकड्यावर आम्ही पुढचं सगळं गणित मांडलं. लोन एजंट म्हणाला मॅडम मॉर्गेज लोनला, म्हणजे राहतं घर तारण ठेवून काढायच्या कर्जाला, घराच्या किमतीच्या ६० टक्के धरा, म्हणजे ४९ लाख २० हजार, त्यातून जुने ६ लाख वजा, हातात ४३ लाख २० हजार. आमचे साठवलेले ७ लाख होते. वाकडला रिसेलचा एक बेडरूमचा फ्लॅट ४६ लाखांना मिळत होता, माझ्या एकटीच्या नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटी ७ ऐवजी ६ टक्के म्हणजे २ लाख ७६ हजार, वर रजिस्ट्रेशनचे ३० हजार, सगळं मिळून ४९ लाख ६ हजार. बसतंय की! दुसरं गिऱ्हाईक येतंय असं ब्रोकर रोज सांगायचा, म्हणून १ लाख टोकन देऊन टाकलं, आणि मग बँकेत फाइल दिली.

क्रम उलटा झाला होता हे तेव्हा कोणीच सांगितलं नाही.

व्हॅल्यूअर आला जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. चार दिवस पाऊस थांबला नव्हता, हॉलच्या कोपऱ्यात बाल्कनीच्या बाजूला छताला ओल आलेली, पोपडे सुटलेले, खाली मी पातेलं ठेवलं होतं ते उचलायचं राहून गेलं. लिफ्ट बंद होती, तो चार मजले चढून आला. लेझरच्या छोट्या यंत्राने भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं, मोबाइलवर फोटो काढले, त्यात त्या कोपऱ्याचे दोन. बाल्कनी आम्ही २०१४ ला हॉलमध्ये घेतली होती, सगळ्यांनीच घेतली आहे आमच्याकडे, तर त्याने तिथे उभं राहून मंजूर नकाशा मागितला. नकाशा सोसायटीच्या कपाटात, कपाटाची किल्ली सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरी गावाला. भोगवटा पत्रक, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, मागितलं, त्याची झेरॉक्स इतकी फिकी की नंबर वाचता येईना. टॅक्सची पावती मात्र होती. बारा-पंधरा मिनिटांत तो गेला. चहासुद्धा घेतला नाही, पुढे रावेतला तीन घरं बघायची होती म्हणे.

आठ दिवसांनी बँकेतून फोन, व्हॅल्यूएशन ६८ लाख.

६८ चे ६० टक्के म्हणजे ४० लाख ८०, त्यातून ६ गेले, राहिले ३४ लाख ८०. आमचे ७ घातले तरी ४१ लाख ८०, म्हणजे सव्वासात लाख कमी. रिपोर्ट दाखवा म्हटलं तर तो बँकेचा अंतर्गत कागद आहे, देता येत नाही. फी आमच्याकडून घेतलेली, पाच हजार आणि वर जीएसटी मिळून ५,९००, आणि कागद बघायचा अधिकार आम्हाला नाही. वाकडच्या मालकांनी पंधरा दिवस वाट बघितली आणि टोकनातले ५० हजार परत केले, बाकीचे ठेवून घेतले. त्यांना तरी काय बोलायचं, कर्ज मंजूर झालं नाही तर पैसे परत असं आम्ही पावतीवर लिहूनच घेतलं नव्हतं. ५० हजार ही माझ्या दीड महिन्याच्या पगाराची रक्कम आहे.

मग मी सुट्टीच्या दिवशी बसून नीट शोधायला लागले की १४ लाख गेले कुठे. नोंदणी आणि मुद्रांक शुल्क विभागाच्या साइटवर ई-सर्च म्हणून सोय आहे, गाव, वर्ष आणि मिळकतीचा नंबर टाकला की झालेल्या व्यवहारांची सूची दोन, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, ती दिसते. आमच्या बिल्डिंगचे व्यवहार काढले तर त्यात २०२२ चा एक ६३ लाखांचा आणि २०२३ चा एक ६६ लाखांचा, बस. वरच्या फ्लॅटचा व्यवहार जुलैमध्ये तिथे नव्हताच, कारण जूनमध्ये नुसतं टोकन झालं होतं, करारनामा रजिस्टर झाला ऑगस्टमध्ये. व्हॅल्यूअर जिन्यातलं बोलणं रिपोर्टमध्ये लिहू शकत नाही, त्याला नोंद झालेला आकडा लागतो. आणि ऑगस्टमध्ये नोंद आली ती ८२ ची नाही, ७६ ची. मधले ६ लाख कागदावर आलेच नाहीत, ते कसे दिले घेतले हे सगळ्यांना कळतं आणि कोणी बोलत नाही. पण त्या न लिहिलेल्या पैशाची किंमत बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराला मोजावी लागते, कारण पुढची दोन-तीन वर्षं आमच्या सगळ्यांची व्हॅल्यूएशन त्या कागदावरच्या आकड्याला बांधलेली राहणार. विकणाऱ्याचा टॅक्स वाचला आणि शेजाऱ्याचं कर्ज कमी झालं, हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

बाल्कनीचंही असंच. मंजूर नकाशात जे क्षेत्र नाही ते मोजत नाहीत, उलट फेरफार केलाय असा शेरा येतो, आणि शेरा आला की काही बँका कर्जाची टक्केवारीच खाली आणतात. आम्ही ती भिंत परत उभी केली, स्लाइडिंग बसवलं, ३८ हजार गेले. ओलीचं काम दिवाळीनंतर कोरड्या हवेत केलं, बाहेरचं वॉटरप्रूफिंग सोसायटीने, आतलं प्लास्टर आणि रंग आम्ही. महापालिकेतून भोगवटा पत्रकाची प्रमाणित प्रत काढली, नकाशाची सुद्धा, मिस्टरांनी त्यासाठी दोन हाफ डे टाकले. आणि आमच्या ओळखीतल्या एका जुन्या व्हॅल्यूअर काकांनी एक सांगितलं ते फार उपयोगी पडलं, की मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग असल्या गोष्टींवर व्हॅल्यूएशनसाठी म्हणून एक पैसा घालवू नका, ते धरलं तरी नावापुरतं धरतात, पण ओल, तडे आणि न सापडणारे कागद हे हमखास कापतात. मी तर किचन करून घ्यायच्या विचारात होते.

जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या बँकेचा व्हॅल्यूअर आला. या वेळी टेबलावर फाइल तयार होती, करारनामा, शेअर सर्टिफिकेट, टॅक्स पावती, भोगवटा पत्रक, नकाशा, आणि वर ऑगस्टच्या व्यवहाराची इंडेक्स टू ची प्रिंट. त्याने ती प्रिंट नीट वाचली, नंबर लिहून घेतला. व्हॅल्यूएशन आलं ७५ लाख. घर तेच, माणसं तीच, मध्ये सहा महिने. त्या सहा महिन्यांत चिंचवडचा भाव काही ७ लाखांनी वाढलेला नाही, वाढले ते कागद आणि गेली ती ओल.

आता यावरून लोक विचारतात की मग थांबावं किती आणि कशासाठी. एक एप्रिलचं फार जण सांगतात, रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेले जागेचे दर, वाढला की व्हॅल्यूएशन करा म्हणून. तर रेडी रेकनरचे दर सरकारने २०२३ ला आणि २०२४ ला वाढवलेच नव्हते, २०२५ च्या १ एप्रिलला वाढवले. तो दर व्हॅल्यूअर रिपोर्टमध्ये एका रकान्यात लिहितो, पण बाजारभाव तो आजूबाजूच्या व्यवहारांवरूनच काढतो, त्यामुळे रेकनर वाढला म्हणून तुमच्या घराचं व्हॅल्यूएशन तेवढं वाढेल असं धरू नका. उलट जो फ्लॅट घ्यायचाय त्याच्यावर मात्र त्याचा थेट परिणाम होऊ शकतो, कारण स्टॅम्प ड्युटी करारातली किंमत आणि रेकनरची किंमत यातली जी जास्त असेल तिच्यावर लागते. म्हणजे आपलं घर मोजायला एप्रिलपर्यंत थांबलो आणि त्यामुळे घेतलेल्या घराची नोंदणीही एप्रिलनंतर गेली, तर फायदा होईलच असं नाही पण तोटा होऊ शकतो. आम्ही नोंदणी मार्चमध्ये उरकली ती याच हिशेबाने.

दुसरं व्याजदराचं. दर उतरले की मग कर्ज काढू, तोपर्यंत व्हॅल्यूएशनही थांबवू, असं आमच्या स्टाफरूममध्ये दोघी म्हणत होत्या. बँकेचं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं, गृहकर्ज बहुतेक ठिकाणी रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याला, जोडलेलं असतं, फेब्रुवारी २०२५ ला रेपो साडेसहावरून सव्वासहा झाला, एप्रिलला सहा, जूनला साडेपाच, डिसेंबरला सव्वापाच, आणि प्रत्येक वेळी थोड्या दिवसांनी आमचाही दर उतरला, आम्ही हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घेतली. म्हणजे दरासाठी थांबायची गरज नव्हती, तो मागाहून आला. फक्त आपलं कर्ज खरंच रेपोला जोडलंय ना हे सही करताना बघा, कारण फायनान्स कंपन्यांना ते बंधन नाही, त्यांचा दर त्यांच्या मर्जीने हलतो. कागद मात्र मागाहून येत नाहीत. ज्या दिवशी व्हॅल्यूअर दारात उभा असतो त्या दिवशी जे हातात असेल तेच धरलं जातं.

आणि फार लवकर बोलावण्यातही अर्थ नाही हेही सांगायला हवं. पहिल्या बँकेत रिपोर्ट तीनच महिने चालायचा, माझ्या नणंदेने घर शोधायच्या आधीच व्हॅल्यूएशन करून ठेवलं, मनासारखा फ्लॅट सापडेपर्यंत पाच महिने गेले आणि परत फी भरून परत सगळं. माझ्या मते क्रम असा हवा की आधी कागद आणि डागडुजी, मग ई-सर्चवर आपल्या बिल्डिंगमध्ये शेवटचा व्यवहार कितीचा आणि कधीचा ते बघणं, एखादा चांगला व्यवहार रजिस्टर व्हायच्या बेतात असेल तर तो होईपर्यंत थांबणं, दरम्यान फ्लॅट बघत राहणं, आणि व्हॅल्यूएशनचा आकडा हातात आल्यावरच टोकन. ब्रोकर कितीही घाई करू दे. आणि टोकन देताना पावतीवर कर्जाची अट लिहून घ्यायची म्हणजे घ्यायची.

पण संपादक साहेब, यापेक्षा मोठी एक गोष्ट मला दुसऱ्या वेळी कळली आणि ती कळली तेव्हा रात्री झोप लागली नाही. समजा जुलैमध्ये ८२ लाखच व्हॅल्यूएशन आलं असतं आणि ४३ लाख मिळाले असते, तर त्या वेळी मॉर्गेज लोनचा दर आम्हाला १० टक्के सांगितला होता, १५ वर्षांना हप्ता साधारण ४६ हजार. वाकडच्या त्या फ्लॅटचं भाडं १८ हजार, त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, टॅक्स, वर्षातून एखादा महिना रिकामा जाणार तो वेगळा. म्हणजे दर महिन्याला तीस हजारांच्या आसपास खिशातून, पंधरा वर्षं, आणि ते सुद्धा राहतं घर तारण ठेवून. व्हॅल्यूएशन कमी आलं म्हणून मी तेव्हा रडले होते. आज वाटतं की तो आकडा म्हणजे जास्तीत जास्त किती मिळेल एवढंच सांगणारा होता, आणि आम्ही तेवढंच घ्यायचं असं धरून बसलो होतो.

दुसऱ्या बँकेतल्या मॅडमनी समोर बसवून सांगितलं की अहो नवीन फ्लॅटवरच गृहकर्ज का घेत नाही, त्याचा दर मॉर्गेज लोनपेक्षा कमी, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देता येतं, स्टॅम्प ड्युटी त्या किमतीत धरत नाहीत. मग राहत्या घरावर काढायचं ते फक्त आपल्या हिश्श्यापुरतं, चालू कर्जावर टॉप अप, म्हणजे वाढीव कर्ज, म्हणून. एजंटने हे एकदाही सांगितलं नव्हतं, एकच मोठं कर्ज सोपं पडतं म्हणायचा. तर शेवटी आम्ही वाकड सोडलं आणि मोशीला ३४ लाखांचा फ्लॅट घेतला. त्यावर २० लाख गृहकर्ज, राहत्या घरावर ९ लाख टॉप अप, बाकी शिल्लक आणि एक मुदत ठेव मोडली. सुरुवातीला दोन्ही हप्ते मिळून साडेसव्वीस हजार, भाडं साडेबारा. चौदा हजार आम्ही दोघं पगारातून घालतो आणि ते झेपतंय. आता बघा, ९ लाख टॉप अप ६८ च्या व्हॅल्यूएशनवरही आरामात मिळालं असतं! म्हणजे आकडा वाढवण्यासाठी जी धावपळ केली त्यातली निम्मी गरजेची नव्हती, ओल काढली आणि कागद सापडले हे चांगलंच झालं, पण ५० हजार गेले ते उगाचच गेले.

इनकम टॅक्सचंही एक वाक्य, कारण जाहिरातीत ते अर्धवट असतं. भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचं व्याज भाड्यातून वजा होतं, टॉप अपचं सुद्धा, फक्त ते पैसे घरासाठीच वापरल्याचा पुरावा ठेवा, आमचा चेक थेट विकणाऱ्याच्या नावाने गेला होता. पण भाड्यापेक्षा व्याज जास्त झालं तर तो तोटा पगारातून वजा करायला जुन्या पद्धतीत वर्षाला २ लाखांची मर्यादा, आणि नव्या पद्धतीत ती सोयच नाही. आपण कुठल्या पद्धतीत आहोत हे बघूनच गणित मांडा.

माझी खरी तक्रार मात्र रिपोर्टबद्दल आहे आणि ती मी तुमच्या पेपरमधून मांडू इच्छिते. घर माझं, फी माझी, आणि त्या रिपोर्टवर माझं निम्मं आयुष्य ठरणार, तरी तो मला बघायला मिळत नाही. त्यात कार्पेट एरिया चुकला असेल, मजला चुकला असेल, बिल्डिंगचं वय दहा वर्षं जास्त लागलं असेल तर मला कळणार कसं? माझा चुलतभाऊ न्यू जर्सीला आहे, तिकडे राहत्या घरावरच्या पहिल्या तारणाच्या कर्जासाठी अप्रेझलची, म्हणजे व्हॅल्यूएशनच्या रिपोर्टची, कॉपी बँकेने कर्जदाराला स्वतःहून, वेगळे पैसे न घेता द्यायची असा नियम २०१४ पासून आहे, कर्जाचे कागद पूर्ण होण्याच्या निदान तीन कामकाजाचे दिवस आधी. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने कर्ज फिटल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत द्या, नाहीतर रोजचे ५ हजार भरा असा नियम डिसेंबर २०२३ पासून केला, ऑक्टोबर २०२४ पासून कर्जाचा सगळा खर्च एका ठिकाणी लिहून द्यायला लावला. मग हाही नियम होऊ शकतो. त्यात नवीन काही बनवायचं नाहीये, रिपोर्ट तयारच असतो, एक झेरॉक्स मारायची आहे.

दुसऱ्या बँकेने मी लेखी अर्ज दिल्यावर ती झेरॉक्स दिली. आठ पानं. त्यात तिसऱ्या पानावर आमच्या बिल्डिंगचं वय १६ ऐवजी २० लिहिलेलं होतं, मी भोगवटा पत्रकाची तारीख दाखवली, त्यांनी व्हॅल्यूअरला कळवून दोन दिवसांत दुरुस्त पान मागवलं. पहिल्या बँकेच्या रिपोर्टमध्ये काय लिहिलं होतं ते मला आजपर्यंत माहीत नाही.

तुमच्या पुरवणीला विनंती आहे की पुढच्या वेळी दुसऱ्या फ्लॅटवर लेख छापाल तेव्हा असा एखादा रिपोर्ट नावं झाकून पूर्ण छापा, कुठल्या रकान्यात काय लिहितात ते वाचकांना दिसू द्या, आणि बँकांना विचारा की कॉपी का देत नाही.

आपली नियमित वाचक,
एक शिक्षिका, चिंचवड